खालून कापलेला लेख

मेश्राम सरांच्या एका लेखाचा शेवट मी कापला. तो लेख छापून आला, आणि पुढे काही आठवड्यांनी पिपरटोला गावची एक बाई मोहफुलं वेचायला जंगलात गेली असताना वाघाने तिला मारलं. या दोन वाक्यांच्या मध्ये मी 'म्हणून' हा शब्द घातलेला नाही. सर असते तर त्यांनी तो घालू दिला नसता. "सिद्ध होत नाही बाबू," म्हणाले असते. पण तो शब्द माझ्या मनातून जात नाही. सरांबद्दल लिहायला बसलो तेव्हा हे आधी सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगू नये असं वाटलं.

मी तेव्हा चंद्रपूरच्या एका दैनिकाची रविवार पुरवणी पाहत होतो. वर्तमानपत्रात मजकूर जागेपेक्षा जास्त झाला की तो खालून कापतात. नव्या उपसंपादकाला पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात. महत्त्वाचं वर घ्यायचं, बाकीचं उतरत्या क्रमाने खाली, म्हणजे ऐनवेळी जाहिरात आली तर कात्री खालून चालवता येते. मी ही कात्री वीस वर्षं चालवली होती. तिच्याबद्दल कधी विचार केला नव्हता.

आनंदराव मेश्राम हे चंद्रपूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो. आमची ओळख भांडणातून झाली. आम्ही एकदा 'आकाशात रहस्यमय दिव्यांची रांग' अशी बातमी फोटोसह छापली होती. दुसऱ्या दिवशी एक उंच, किंचित वाकलेला माणूस डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून माझ्या टेबलासमोर उभा राहिला. अर्ध्या बाहीचा शर्ट, खिशात पेन, छोटी बॅटरी आणि शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी.

"हे तुमी लिवलं का?"

"हो."

"तुमी पाह्यलं का आकाशात?"

"नाही. वाचकाने फोटो पाठवला."

"मंग रहस्य कोनाले वाटलं? तुमाले का फोटोले?"

मला राग आला. मी म्हटलं, तुम्हीच सांगा मग काय होतं ते. वाटलं होतं, प्राध्यापक आहेत, आता भाषण देतील. ते म्हणाले, "पाहून सांगतो." आणि निघून गेले. दोन दिवसांनी संध्याकाळी ते मला आमच्या ऑफिसच्या गच्चीवर घेऊन गेले, एका दिशेला बोट धरून उभे राहिले, आणि त्यांनी सांगितलेल्या वेळेला ती दिव्यांची रांग माझ्या डोळ्यांसमोरून गेली. एकत्र सोडलेले, एकामागून एक जाणारे उपग्रह होते. मी त्यांना पुरवणीत लिहायला सांगितलं.

ते आधीपासून लिहीत होतेच. त्यांचा एक ब्लॉग होता, त्याचं नावच 'पाहून सांगतो'. बल्लारपूरच्या घरातून आणलेल्या जुन्या लाकडी टेबलावर कॉम्प्युटर ठेवून ते एका बोटाने टाइप करायचे. त्यांचे वडील बल्लारपूरच्या कागद कारखान्यात बांबू वाहायचे. पुरवणीचं अख्खं पान जाहिरातीने भरलेलं दिसलं की सर मला चिडवायचे, "माया बापानं उचललेल्या बांबूचा कागद हाय तो. साड्या काऊन छापता त्याच्यावर?" ब्लॉगला वाचक फार नव्हते. एकदा त्यांना कळलं की कोणीतरी चिलीमधून तो उघडतो, तर महिनाभर तोच विषय. "कोन असन बाबू? चिलीत कोन मराठी वाचून राह्यला?" ते कॉलेजात शिकवायचे त्यापेक्षा मन लावून ब्लॉगवरच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. शिव्या देणाऱ्यालाही उत्तर मिळायचं. शिव्या वगळून जेवढा प्रश्न उरेल तेवढ्याला.

प्रश्न बहुतेक व्हॉट्सॅपवर, आवाजात यायचे. सिरोंच्याकडून, भामरागडकडून, आमच्या शेजारच्या ऊर्जानगरच्या क्वार्टरांतून. आणि सरांचा नियम असा की स्वतः करून पाहिल्याशिवाय अक्षर लिहायचं नाही. कोणीतरी विचारलं की, मे महिन्यात गार हवा देणारा कूलर जूनमध्ये नुसता घाम का आणतो. सरांनी घरातली एक खोली बंद केली, दारं-खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या, कूलर आत लावला आणि एक साधा आणि एक ओल्या कापडात गुंडाळलेला असे दोन थर्मामीटर घेऊन आत बसले. मी लेख न्यायला गेलो तेव्हा मेश्राम बाई दार ठोकत होत्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज अजून वर्गातला.

"अहो, मरान ना आतमदी!"

आतून शांत आवाज आला, "अजून नाई. अजून थोडी गार हाय."

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाहा भाऊ. मेल्यावर बी हा मानूस पाहून सांगन."

त्यांच्या प्रत्येक लेखाच्या शेवटी एक परिच्छेद असायचा. त्याला ठरलेलं शीर्षक होतं: 'इथून पुढे माहीत नाही'. वरच्या लेखात जे सांगितलं ते कुठपर्यंत खरं आहे, कुठे लागू पडत नाही, त्यांनी स्वतः काय पाहिलं नाही, हे सगळं त्यात असायचं. लेखाइतकीच मेहनत ते त्या परिच्छेदावर घ्यायचे, बऱ्याचदा जास्तच. आणि तो शेवटी असायचा. म्हणजे माझ्या कात्रीखाली.

एक गोष्ट सांगतो. गडचिरोलीच्या पुढे धानोऱ्याच्या बाजूला एका गावात शेतावर भुताचे दिवे दिसतात अशी बोलवा झाली होती. लोक धानाच्या राखणीला जाईनासे झाले होते. सर तिथे जाऊन राहिले. परत येताना त्यांनी गावकऱ्यांना बसवून सांगितलं की दोन दिवे म्हणजे दूरच्या घाटवळणावर येणाऱ्या मोटारसायकली आहेत, मी जाऊन खात्री केली. तिसरा कशाचा ते मला कळलं नाही. एक म्हातारा म्हणाला, "पीएचडी केली मंते ना तुमी?"

"केली ना. माहीत नाई असं मोठ्यानं सांगता यावं मनून केली."

गाव हसलं. मी मात्र तो लेख 'भुताचा दिवा निघाला मोटारसायकल' असं शीर्षक देऊन छापला आणि तिसऱ्या दिव्याचा परिच्छेद खालून उडवला. रविवारी सरांचा फोन आला. "बाबू, शेपूट कापलं का?"

"जागा नव्हती सर."

"पुढच्या खेपेले डोस्कं काप. शेपूट राहू दे."

मी हसलो. ते गमतीने म्हणत आहेत असंच मी धरून चाललो. नंतरही अनेकदा कापलं. दर वेळी त्यांनी काहीतरी असंच म्हटलं आणि दर वेळी मी हसलो.

पिपरटोल्याचा प्रश्न लहानू मडावी नावाच्या माणसाने पाठवला होता. थोडी धानाची शेती, आणि गावातल्या किराणा दुकानाच्या ओट्यावर दर रविवारी आमची पुरवणी मोठ्याने वाचून दाखवायचं त्याने स्वतःवर घेतलं होतं. त्याचा आवाज मी सरांच्या फोनवर ऐकला. "सर, जय सेवा. आमच्या इकडं मोहफुलाचा सीझन येऊन राह्यला. बायका अंधारातच जाते येचाले. वाघ फिरून राह्यला. बॅटरी मारली का वाघाचे डोळे चमकते मंते, खरं हाय का? बॅटरीनं समजते का तो हाय का नाई?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोहाची फुलं रात्रीपासून पहाटेपर्यंत गळतात. उजाडल्यावर गेलं तर जनावरांनी खाल्लेली असतात किंवा दुसऱ्याने वेचलेली. त्यामुळे चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतल्या जंगलाकाठच्या बायका अंधार असतानाच टोपली घेऊन निघतात, आणि झाडाखाली वाकून, बसून वेचतात. वाकलेलं, बसलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही असं म्हणतात.

सरांनी वाघाऐवजी गल्लीतली काळी मांजर घेतली. अंगणाच्या टोकाला बाई दुधाची वाटी धरून मांजरीला थोपवत होत्या, दुसऱ्या टोकाला सर बॅटरी घेऊन. बॅटरी कानाजवळ धरली की मांजरीचे डोळे हिरवे पेटत होते. सर हात हळूहळू बाजूला नेत होते आणि स्वतःशी बोलत होते, "हाय. हाय. कमी झाले. गेले." शेजाऱ्याने भिंतीवरून विचारलं, "सर, मांजर पाळली का?" सर म्हणाले, "नाई, वाघाच्या जागी हजेरी लावाले बोलावली."

त्यांनी मला समजावून सांगितलं. या जनावरांच्या डोळ्यांच्या मागे आरशासारखा पडदा असतो. उजेड ज्या वाटेने आत जातो त्याच वाटेने परत येतो. म्हणजे बॅटरीकडेच परत येतो. ज्याचा डोळा बॅटरीला लागून आहे त्यालाच चमक दिसते. हातभर बाजूला उभ्या असलेल्या माणसाला काही दिसत नाही, समोर वाघ असला तरी. त्यांचा एक जुना विद्यार्थी बल्लारपूरच्या बाजूला कोळशाच्या खाणीत होता. त्याने मोडीत निघालेला टोपीवरचा दिवा आणून दिला. सरांनी तो कपाळावर बांधला आणि लहान मुलासारखे खूश झाले. "डोळा आन् दिवा एकाच जागी. खाणीतल्या मानसाले जे लागते, तेच या बायाले लागते."

लेख चांगला झाला होता. शेवटच्या परिच्छेदात त्यांनी लिहिलं होतं की बॅटरी एकीच्या हातात आणि पाहणार दुसरी, असं चालणार नाही. बॅटरी कमरेजवळ धरली तर चमक दिसणार नाही. वाघ पाठमोरा असेल, गवतात मान खाली घालून बसला असेल, तर दिसणार नाही. डोळे दिसले तर जनावर आहे. दिसले नाहीत, तर त्यावरून काहीही ठरत नाही.

शनिवारी संध्याकाळी सोन्याच्या दुकानाची पाडव्याची जाहिरात आली. मी खालून कापलं. लेख अधांतरी संपू नये म्हणून मधलं एक वाक्य उचलून शेवटी लावलं. सरांचं मूळ वाक्य होतं: 'तो आपल्याकडे पाहत असेल तर अंधारात वाघाला स्वतःचे डोळे लपवता येत नाहीत.' पहिला तुकडा नसला तर ते जास्त टोकदार होईल असं वाटलं. तोही काढला. वर शीर्षक दिलं, 'बॅटरी मारा, वाघ ओळखा'. पान लावून झाल्यावर मला माझंच कौतुक वाटलं, हेही सांगायला हवं.

रविवारी सकाळी सरांचा फोन आला. या वेळी ते हसत नव्हते.

"बाबू, ते कापाचं नव्हतं."

"पाडव्याची जाहिरात होती सर, शेवटच्या क्षणाला..."

"पुढच्या रविवारी तेवढं छाप. तेवढंच. चौकटीत."

"छापतो."

पुढच्या रविवारी पाडवा विशेष पान होतं. त्याच्या पुढच्या रविवारी मी विसरलो. विसरलो हा शब्द मी नीट तपासून लिहितो आहे. आठवण झाली होती, पण उशीर झालाय, आता कोण वाचतंय, असं मनाला सांगून मी ती बाजूला सारली.

सरांनी लहानूला आवाजात सगळं सांगून मेसेज पाठवला होता. पिपरटोल्यात टॉवर नव्हता; लहानू तालुक्याला गेला तरच त्याचा फोन लागायचा, आणि मोहाच्या दिवसांत तो गेला नाही. तो मेसेज एका टिकवर थांबून राहिला. सर मला दोनदा म्हणाले, "अजून एकच टिक हाय." मी म्हटलं, पोचेल सर.

मेलेली बाई लहानूची बायको होती. सुमन.

आम्ही दोघं पिपरटोल्याला गेलो तेव्हा मोहाचा वास सगळ्या रस्त्याला होता, गोड, आंबूस. झाडांखाली पालापाचोळा जाळून काढलेले काळे गोल दिसत होते आणि त्यांवर पिवळी फुलं तशीच पडून होती. कोणी वेचत नव्हतं. दुपारची वेळ असूनही गावातली दारं लावलेली होती. लहानू ओसरीवर बसला होता. त्याने आम्हाला पाणी दिलं. आधी सरांना, मग मला. "हे पेपरवाले भाऊ ना?" म्हणाला. मी हो म्हटलं आणि पाणी प्यायलो.

त्याची भावजय इंदिरा दारात उभी राहून सांगत होती, जमिनीकडे पाहत. "बॅटरी माया हातात होती. सुमन म्हने, तू फिरव, मी पायतो. चारी बाजूनं फिरवली. म्हने, काई नाई, डोळे नाई दिसत, चाल. आन् खाली बसली येचाले."

सरांनी डोळे मिटले. माझ्या शेजारीच बसले होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

लहानू म्हणाला, "मीच वाचून दाखवलं होतं सर, साऱ्या बायाले. तुमीच लिवलं होतं ना, वाघाले डोळे लपवता येत नाई मनून."

मी त्या क्षणी बोलायला हवं होतं. ती ओळ मी केली होती. सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोललो असतो, किंवा हेही मी आज स्वतःच्या सोयीने म्हणतो आहे.

"हो," सर म्हणाले. "मायं नाव हाय त्याच्यावर. अर्धं गेलं तुमच्यापर्यंत. चूक झाली लहानूभाऊ."

लहानूने मान हलवली. मग तो म्हणाला, "तुमी येऊन बोलले. कोनी येत नाई."

परतताना गाडीत मी म्हटलं, "सर, मी त्यांना सांगायला हवं होतं." सर खिडकीबाहेर पाहत होते. म्हणाले, "सांगाचं तं तिथं होतं." एवढंच. त्यानंतर या विषयावर ते माझ्याशी कधीच बोलले नाहीत.

त्यांनी आमच्या पेपरला लेख देणं थांबवलं. ब्लॉग चालू ठेवला, पण 'इथून पुढे माहीत नाही' हा परिच्छेद आता सगळ्यात वर आला. वाचक त्याला कंटाळले, चिलीवालाही गेला असावा. आणि पुढच्या वर्षापासून, मोहफुलं गळायला लागली की सर पिपरटोल्याला जाऊन राहू लागले. खाणीतल्या विद्यार्थ्याकडून जुने दिवे गोळा करायचे, स्वतः दुरुस्त करायचे, बायकांच्या कपाळाला बांधून द्यायचे, आणि पहाटे त्यांच्या पुढे चालायचे. वय साठीच्या पुढे गेलेलं, गुडघे दुखणारे.

बाईंनी मला एकदा घरी बोलावून घेतलं. चहा समोर ठेवून म्हणाल्या, "तुमचं ऐकते ते. सांगा ना भाऊ. हे काऊन जाते तिकडं दरवर्षी? मी इचारलं तं मंते, पाहून राह्यलो. काय पाहून राह्यले? मले तं फोन वाजला का धडकी भरते." त्यांना काहीच माहीत नव्हतं. सरांनी घरी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, मी बोलतो त्यांच्याशी. चहा संपवून निघालो.

त्या दिवसांत पहाटे फोन वाजला की मलाही तसंच व्हायचं. दर वर्षी मोहाचा हंगाम सरला की वाटायचं, गेलं हे वर्ष. आणि थंडी ओसरायला लागली की पुन्हा पहाटेच्या फोनाकडे कान लागायचे.

शेवटच्या वर्षी मी त्यांच्याबरोबर गेलो. का गेलो ते नीट सांगता येणार नाही. सुमारे डझनभर बायका होत्या, इंदिराही होती. सर पुढे. ते थोडं चालायचे, थांबायचे आणि डोकं हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवायचे. दिव्याचा झोत झाडांच्या खोडांवरून सरकत जायचा. सगळ्या बायका थांबून तसंच करायच्या. कोणी बोलत नव्हतं. मोहाखाली बसून वेचतानाही त्यांच्यातली एक उभी राहायची, आळीपाळीने. त्या पहाटे कुठेही डोळे दिसले नाहीत. उजाडलं तसं जीव हलका झाला, बायका आपसात थट्टा करायला लागल्या. एकीने सरांना म्हटलं, "सर, तुमचा वाघ तुमालेच भ्यून राह्यला."

आम्ही त्याच पायवाटेने परतलो. सर अचानक खाली बसले. धुळीत आमच्या जातानाच्या पावलांचे ठसे होते. सरांच्या चपलेचा, बायकांच्या अनवाणी पायांचा, आणि सगळ्यात मागे असलेल्या माझ्या बुटांचा. माझ्या बुटाच्या ठशावर वाघाचं पाऊल होतं. नंतर उमटलेलं, कडा अजून ताज्या. पुढेही होतं, आणि त्याच्याही पुढे. तो आमच्या मागून आला होता, बरंच अंतर.

बायकांची थट्टा थांबली. सरांनी खिशातून मोजपट्टी काढली, मग मोजलं नाही, परत ठेवली. म्हणाले, "आपन सारे पुढं पाहत होतो."

दुपारी मला ऑफिससाठी निघायचं होतं, पण मी दुसऱ्या पहाटेपर्यंत थांबलो. मला वाटलं होतं, आता तरी ते जाणार नाहीत. ते उठले होते. बायकाही आल्या होत्या, फुलं सोडून चालत नाही त्यांना. या वेळी इंदिरा पुढे झाली आणि सर शेवटी. मी गाडीजवळ उभा होतो. रांग जंगलात शिरली. सर दर दोन-चार पावलांनी मागे वळत होते आणि त्यांच्या कपाळावरचा दिवा माझ्या अंगावर पडत होता. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त तो उजेड. मग त्यांनी शेवटचं वळून पाहिलं, दिवा माझ्यावर थोडा वेळ थांबला, आणि झाडांत गेला.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. पावसाळ्यात ते गेले. घरीच, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या हृदय बंद पडलं. बाई म्हणाल्या, कॉम्प्युटर चालूच होता.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम त्यांच्या वस्तीतल्या बुद्ध विहारात झाला. विद्यार्थी आले होते, कॉलेजातले सहकारी, पुष्कळ अनोळखी माणसं. मला बोलायला सांगितलं. मी कूलरची गोष्ट सांगितली, लोक हसले, बाईसुद्धा हसल्या. माझ्यानंतर लहानू उठला. तो एस.टी.ने एकटा आला होता. माईक कसा धरायचा ते त्याला कळत नव्हतं.

"सरच्या लिवण्यानं आमच्या घरी दुःख झालं," तो म्हणाला. "सरची चूक झाली होती. पन सर दरवर्षी आले. आमच्या बायाच्या संगं चालले. त्याईनं आपली चूक फेडली. मी आज सांगाले आलो, का आमचं सरवर काई नाई आता. आमी माफ केलं."

बाई त्याच्याकडे पाहत होत्या. त्यांना दरवर्षीचं ते जाणं आता कळत होतं. त्यांचा नवरा एका बाईच्या मरणाला कारण होता असं त्यांना कळत होतं. विहारातल्या सगळ्यांना तेच कळत होतं. मी माझ्या खुर्चीत बसून राहिलो.

जेवणं सुरू झाली तेव्हा लहानू न जेवता निघाला. मी त्याच्या मागे गेलो. बस स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याला गाठलं आणि सांगितलं. सरांनी पूर्ण लिहिलं होतं. बॅटरी आणि नजर एकीचीच हवी, हे लिहिलं होतं. ते मी काढलं.

तो थांबला. "काऊन काढलं?"

"जागा नव्हती. जाहिरात आली होती."

"कायची?"

"सोन्याच्या दुकानाची. पाडव्याची."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. एक ऑटो हॉर्न देत आमच्या जवळून गेला.

"सरले माहीत होतं?"

"हो."

"आन् तुमी त्या दिवशी माया घरी बसून होते. पानी पेले."

"हो."

"मंग हे मले इथं रस्त्यावर काऊन सांगता?" त्याचा आवाज चढला नव्हता. "मी तं आत्ता सरले चूक म्हनून आलो. भर लोकात, त्या बाईच्या तोंडावर. ते कोन पुसन?"

तो वळला आणि विहाराकडे परत चालू लागला. मी त्याच्या मागून गेलो.

पंगती बसल्या होत्या. बाई एका भिंतीशी उभ्या राहून वाढणाऱ्यांना काही सांगत होत्या. लहानू दारात उभा राहिला, आत आला नाही. माईक काढून ठेवलेला होता. मी पंगतींच्या मध्ये उभा राहून बोलायला लागलो. काय कापलं ते सांगितलं, कुठलं वाक्य बदललं ते सांगितलं, सरांनी चौकट छापायला सांगितली होती आणि मी छापली नाही ते सांगितलं. जेवणारी माणसं हात थांबवून ऐकत होती. बाईंनी पदर हातात घट्ट धरला होता.

शेवटी मी म्हणालो, "बाई, सरांनी चूक केली नव्हती. चूक मी केली, आणि माझं नाव येऊ नये म्हणून त्यांना ती अंगावर घेऊ दिली. तुम्ही मला विचारलं होतं ते का जातात म्हणून, तेव्हाही मी खोटं वागलो. लहानूभाऊ, सुमनबाईंच्या बाबतीत मी तुमचा गुन्हेगार आहे. मला माफ करा असं म्हणायला मी उशिरा आलोय. तरी म्हणतो. मला माफ करा."